माझा हात आणि तीन देशांची साखर

अमेरिकेतल्या चॉकलेटला ओकारीचा वास येतो, असं माझी मुलगी म्हणते. पहिल्यांदा ती हे बोलली तेव्हा आम्हाला तिथे जाऊन चार दिवससुद्धा झाले नव्हते. तिचं वय तेव्हा नऊ, जन्म इंग्लंडमधला, आणि तोवरचं सगळं खाणंपिणं तिथलंच. पेट्रोल पंपावरच्या दुकानातून मी तिला एक चॉकलेट घेऊन दिलं. तिने तुकडा तोंडात टाकला, जरा थांबली आणि सरळ फुटपाथवर थुंकली. चारचौघांत थुंकली म्हणून मी डोळे वटारले आणि उरलेलं स्वतः खाऊन पाहिलं. पोरगी खरं बोलत होती. दूध नासायच्या बेताला आलं की पातेल्याजवळ जो आंबूस वास येतो, तोच होता. तिथली माणसं तेच खाऊन लहानाची मोठी झालेली, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

पुढची दोन वर्षं तिने माझं डोकं खाल्लं. इंग्लंडची टॉफी तोंडात विरघळते, इथली नुसती दाताला चिकटते. तिथल्या जेलीच्या गोळ्यांना फळाची चव असते, इथल्यांना रंगाची. तिथे लिंबाची आंबट पूड मिळते आणि ती चाटायला साखरेची कांडी. इथे दालचिनीची तिखट गोळी देतात आणि वर विचारतात, आवडली का. शेंगदाण्याचं लोणी तर दिसेल त्यात कोंबतात. सगळ्यात मोठा दगा तिच्या लाडक्या चॉकलेटने दिला. तेच वेष्टन, तीच अक्षरं इथल्या दुकानात दिसली म्हणून ती धावत सुटली, आणि आतली चव दुसरीच निघाली. ती तिथेच, दुकानात, रडली. तिला घराची आठवण येत होती आणि तिचं घर म्हणजे इंग्लंड होतं, हे मला पचायला जड गेलं. मला घर म्हटलं की एकच जागा आठवते, जालन्यातलं मस्तगड, आणि तिथली आमच्या घरामागची भट्टी.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, रेवडी आणि गोडीशेव करायचे. गोडीशेव म्हणजे बेसनाची जाड शेव तळून गुळाच्या पाकात घोळलेली. आमच्याकडच्या जत्रेतून तिचा पुडा घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही. रेवडीचं काम जास्त जोखमीचं. साखरेचा कडक पाक करायचा, तेल लावलेल्या फरशीवर ओतायचा, जरा निवला की उचलून भिंतीतल्या लाकडी खुंटीवर फेकायचा आणि ओढायचा. दुमडायचा, पुन्हा फेकायचा, पुन्हा ओढायचा. पाक हाताला भाजत असतो, पण थांबलं की त्याचा दगड होतो. असं ओढत राहिलं की पिवळसर पाक हळूहळू पांढरा होतो, मग त्याचे तुकडे करून ते भाजलेल्या तिळात घोळवायचे.

अण्णा पाक ओढायला लागले की आई, मी आणि माझा धाकटा भाऊ, कोणीच त्यांच्या हाताच्या टप्प्यात थांबत नसू. पाक बिघडला तर मार. पाक जमला आणि तीळ करपले तर मार. काहीच बिघडलं नाही तर मध्ये मध्ये का करते म्हणून मार. हात तापलेला असायचा, गालावर बसला की पाचही बोटं उमटायची आणि गाल चिकट व्हायचा. साखरेला मुंग्या लागल्या एवढ्यावरून त्यांनी एकदा आईला केसांना धरून भट्टीपासून दारापर्यंत फरफटत नेलं होतं. पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत शेजारच्या दुकानवाल्याने गिऱ्हाइकाला सांगितलं की ह्यांची रेवडी मागच्या सालची उरलेली आहे. अण्णांनी तराजूचं पारडं उपसलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. तो ओठ धरून खाली बसला. त्याचा दात आमच्या रेवडीच्या ढिगात पडला, पांढऱ्यात पांढरा, आणि आई तासभर तो चाचपत बसली. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. दात सापडला तेव्हा आम्ही दोघी तोंड फिरवून खूप हसलो. आई आता नाही, पण तिचं हसणं आठवलं की मला तीच दुपार आठवते.

आणि तरी मला त्याच रेवडीची, त्याच गोडीशेवेची आठवण यायची. ह्याची लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू. इंग्लंडमध्ये एका समुद्रकाठच्या गावी दुकानाच्या काचेआड एक माणूस साखरेचा पाक भिंतीतल्या आकड्यावर फेकून ओढत होता. त्यांच्याकडे त्याच्या गुलाबी कांड्या करतात आणि कांडीच्या आत गावाचं नाव असतं, कुठेही तोडा, नाव दिसतंच. काम सगळं अण्णांचंच. फरक एवढाच की तो माणूस हसत होता आणि पोरं काचेला नाकं लावून उभी होती. माझी मुलगी पाच वर्षांची, मला उचल म्हणून मागे लागली. मी तिला ओढत लांब नेलं. माझे खांदे आपोआप वर आले होते आणि मान आत गेली होती, हे मला पुढच्या वळणावर कळलं. अमेरिकेत तसाच पाक ओढताना पाहिला, तो यंत्रावर. दोन लोखंडी हात गोल गोल फिरत होते, माणूस जवळपास नव्हता. ते मला आवडलं. त्या यंत्रासमोर मी अर्धा तास निवांत उभी राहिले.

माझ्या नवऱ्याचे वडील मास्तर होते. त्यांच्या माराने नवऱ्याला एका कानाने ऐकू येत नाही. मुलगी झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन तो दवाखान्यातच म्हणाला होता की हिच्या अंगाला कधी हात लागला तर मी हिला घेऊन निघून जाईन, आणि मग तुझं एक अक्षर ऐकणार नाही. तो जे बोलतो ते करतो. मी अकरा वर्षं हात आवरला. राग माझ्याही नाकावरच असतो, पण मी भांडी आपटली, दारं आपटली, एकदा मुठीने फ्रिजला पोचा पाडला, पोरीला मात्र हात लावला नाही.

मागच्या उन्हाळ्यात जालन्याचा एक ओळखीचा माणूस आमच्या अमेरिकेतल्या गावात आला आणि त्याच्याबरोबर अण्णांनी गोडीशेव पाठवली. दोन किलो. चार वर्षांनी तो वास आला. मी उभ्या उभ्या बचकभर खाल्ली. तेल खवट झालं होतं, हे मला पहिल्याच घासाला समजलं होतं, तरी मी खात राहिले. मुलगी शाळेतून आली तेव्हा मी तिच्या तोंडात एक तुकडा घातला. तिने दोनदा चावला, तळहातावर काढला आणि शांतपणे म्हणाली की हे तर अमेरिकेच्या चॉकलेटपेक्षा वाईट आहे, खराब झालंय, तुझं पोट बिघडेल. आणि पिशवी उचलून तिने कचऱ्यात उलटी केली. माझ्या काळजीने केली. हे मला तेव्हाही कळत होतं.

मी तिला मारलं. एक चापट नाही, तीन. दोन उघड्या हाताने आणि तिसरी उलट्या हाताने, तीत अंगठीचा खडा तिच्या गालाच्या हाडावर लागला आणि रक्त आलं. ती भिंतीला टेकली. रडली नाही. चौथ्यांदा वर गेलेला हात मी स्वतः पाहिला आणि मग खाली घेतला. सगळ्यात वाईट गोष्ट ही की मारताना मला बरं वाटलं होतं. गच्च धरलेलं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं होतं.

नवरा त्या आठवड्यात कामासाठी दुसऱ्या गावी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा गाल काळानिळा झाला. तिकडे शाळेत असं दिसलं की चौकशी होते, माणसं घरी येतात. मी तिला समोर बसवलं आणि शिकवलं. स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडं राहिलं होतं, मी उठले आणि दार लागलं, असं सांगायचं. तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. हे काही मी नव्याने शोधून काढलं नव्हतं. आमच्या घरात कोणाला कोणी मारलं असं बोलायची रीतच नव्हती. लागलं म्हणायचं, पडले म्हणायचं, घसरले म्हणायचं. आई शेजारणींना आयुष्यभर तसंच सांगत आली. माझ्या मुलीने ते शाळेत सांगितलं, आणि चार दिवसांनी बाप घरी आला तेव्हा त्यालाही सांगितलं. त्याने कपाटाच्या दाराच्या कडांना रबराच्या पट्ट्या लावल्या.

त्यानंतर ती माझ्याशी फार नीट वागायला लागली. विचारलं की उत्तर, दिलं की थँक यू. चॉकलेटवरून कटकट बंद. तिच्या केसांवरून हात फिरवायला गेले की डोकं जरासं बाजूला घ्यायची, अगदी बोटभर, कोणाला दिसणार नाही असं. वेणी स्वतःची स्वतः घालायला लागली, वाकडीतिकडी. मला माझी किरकिरी, तोंडाळ पोरगी परत हवी होती. दुसरं काहीच नको होतं. पण त्यासाठी जे करायला हवं होतं ते मी करू शकत नव्हते, कारण ते केलं असतं तर नवरा तिला घेऊन गेला असता. म्हणून मी दुसरीच पळवाट काढली. डिसेंबरच्या सुट्टीत तिला जालन्याला घेऊन आले. माहेरी चार माणसांत राहिली की विसरेल, असं मनाला सांगितलं.

अण्णा आता पंच्याहत्तरीचे. दुकान कधीच बंद झालंय, भाऊ एका बियाण्यांच्या कंपनीत कामाला जातो. भट्टीच्या जागी गॅसची शेगडी आलीय, पण खुंटी तशीच आहे आणि संक्रांतीच्या आधी अण्णा घरापुरती रेवडी अजून करतात. आता ते फार गोड आजोबा झालेत. माझ्या मुलीने त्यांच्यासाठी एक डबा आणला होता. त्यात इंग्लंडहून मैत्रिणीने पाठवलेला खाऊ एका बाजूला आणि अमेरिकेतला एका बाजूला. अंगणात वर्तमानपत्र पसरून तिने सगळं मांडलं आणि आजोबांना सांगितलं की तुम्ही कारागीर आहात, तर तुम्हीच निकाल द्या.

अण्णांनी ते काम मनावर घेतलं. चूळ भरली, मांडी घातली. अमेरिकेचं चॉकलेट जिभेवर घोळवून ते म्हणाले की ह्यांनी दूध मुद्दाम आंबवलंय का काय, कोणतं जनावर पाळतात हे लोक. माझी मुलगी खदखदून हसली. जेलीच्या गोळीला त्यांनी सरेस म्हटलं. अमेरिकेची टॉफी त्यांनी बोटांनी ताणून पाहिली, हा मक्याचा पाक, ह्याला कितीबी ओढा, जीव येत न्हाई, असं म्हणाले. मग इंग्लंडची गुलाबी कांडी घेतली, पायरीच्या कडेवर आपटून तोडली आणि तुटलेली बाजू डोळ्यांजवळ नेली.

"ह्यो ओढलेला पाक हाय," ते म्हणाले. "ही बारीक भोकं दिसतात का? हातानं ओढलाय, यंत्रानं न्हाई. कारागीर चांगला हाय, पण शेवटी शेवटी जल्दी केली त्यानं."

ती त्यांच्याकडे अशी बघत होती की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवत होते आणि तिचं डोकं जागचं हलत नव्हतं. हेच हात. ह्या हातांनी माझी आई फरफटत नेली आणि ते आता माझ्या पोरीचे लाडके हात होऊन बसले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन ज्वारीचं पीठ इतक्या जोरात मळलं की भावजय म्हणाली, ताई, परात फुटंल.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी रेवडीचा घाट घातला. भाऊ सुट्टी म्हणून घरी होता, पुढच्या खोलीत टीव्ही बघत होता. मागे अण्णा, मुलगी आणि मी. पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्यांनी तो वाटीवर आपटला, टक्क वाजला, तसा शेगडी बंद करून पाक फरशीवर ओतला. त्यांचे दंड वाळलेत, तरी खुंटीवर पाक फेकायची लय तीच होती. माझे खांदे वर आले. मी उलथनं घेऊन फरशीवरचा चिकटलेला पाक खरवडत खाली बसले, म्हणजे कोणाला दिसू नये. अण्णांनी पाकाचा लहानसा गोळा मुलीच्या तुपाच्या हातात दिला. भाजलं तसं ती हाय हाय करत नाचली, पण सोडला नाही, ओढत राहिली, आणि तिच्या हातात तो पांढरा व्हायला लागला. सहा महिन्यांत मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. तिने मला हाक मारली, बघ म्हणाली. आपणहोऊन. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

बाह्या मी वर सारल्या होत्या. माझ्या कोपराखाली भाजल्याचा गोल डाग आहे, त्यात झाऱ्याच्या भोकांचे ठिपके. तिने तो पूर्वीही पाहिला असेल, पण त्या दिवशी झारा समोरच भिंतीला टांगलेला होता. तिने एकदा झाऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे, आणि विचारलं की हे कसं झालं. मी काही बोलायच्या आत अण्णा बोलले, पाक ओढता ओढता, हसत.

"झारा सुटल्ता हातातून. तुझी माय लई मधी मधी करायची लहानपणी."

झारा सुटला नव्हता. मी तेरा वर्षांची होते, शेव जरा लाल झाली होती, आणि अण्णांनी तळणातून काढलेला झारा माझ्या हातावर दाबून धरला होता. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी मान खाली घातली आणि गप्प राहिले, सवयीने. मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आपल्या कपाटासारखं."

पुढे जे झालं ते मी बेभान होऊन केलं असं म्हणायला सोयीचं आहे. पण मला सगळं आठवतं. मी उठले, उलथन्यावरची पकड बदलली, आणि अण्णांच्या मनगटावर मारलं. पाक खाली पडला. ते वळले तेव्हा खांद्यावर मारलं. तिसऱ्यांदा कुठे मारणार होते ते सांगवत नाही. मी ओरडत होते की झारा सुटला नव्हता, तुम्ही दाबला होता, म्हणा, तुम्ही दाबला होता. अण्णा हात डोक्यावर धरून मागे सरकले, फरशीवरच्या तेलात पाय मागे सटकला आणि ते पुढे कपाळावर आपटले. भुवईच्या वर चिरलं. रक्त पांढऱ्या पाकावर सांडलं आणि मुलीच्या पायापर्यंत आलं. तिने पाय मागे घेतला.

भाऊ आणि भावजय धावत आले. मी उलथनं हातात घेऊन उभी होते, तरी अण्णा खाली पडल्या पडल्या म्हणाले, "पाय घसरला. तेल सांडल्तं." भावाने माझ्याकडे पाहिलं, उलथन्याकडे पाहिलं, आणि लगेच बोलायला लागला की किती वेळा सांगितलं तेल पुसून घेत जा म्हणून. भावजयीने हळद आणली. तीही तेलाबद्दलच बोलायला लागली. दोन मिनिटांत सगळं ठरून गेलं. कोणी कोणाला काही न सांगता ठरलं, तीस-चाळीस वर्षं ठरत आलं तसंच.

मुलगी कोपऱ्यात उभी होती. हातातला गोळा तिने अजून सोडला नव्हता, तो कडक झाला होता. ती आजोबांकडे बघत नव्हती, रक्ताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी आता काय बोलते ह्याची वाट बघत होती. मला भीती वाटली, अण्णांची कधी वाटली नसेल एवढी.

"पाय न्हाई घसरला," मी म्हणाले. "मी मारलं त्यांना. उलथन्यानं."

अण्णा म्हणाले गप बस. भाऊ म्हणाला, ताई, तुझं डोकं ठिकाणावर न्हाई. मी पुन्हा सांगितलं, दोनदा मारलं, आणि तिसऱ्यांदा मारणार होते. तेव्हा भावाने माझ्या कानाखाली वाजवली. माझ्याहून चार वर्षांनी लहान, ज्याला मी अण्णांच्या मारातून खाटेखाली ढकलून वाचवलं होतं, त्याने. "बापावर हात टाकतीस?" तो म्हणाला आणि पुन्हा हात उचलला. भावजयीने तो धरला. कानात शिट्टी वाजत होती, तरी अण्णांचं बोलणं मला ऐकू आलं. ते भावाला सांगत होते, "जाऊ दे, बाबा. पोरीच्या नवऱ्याला कळलं तर तिचं घर मोडंल."

भावाने त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. चार टाके पडले. मनगट सुजलं होतं, मोडलं नव्हतं. तिथेही डॉक्टरला घसरले म्हणूनच सांगितलं असणार. भावजय फरशीवर पाणी ओतून रक्त आणि साखर खराट्याने लोटत होती, माझ्याकडे न बघता. मी मुलीला घेऊन पुढच्या खोलीत आले. तिचे हात धुवायला तांब्या पुढे केला, तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः धुतले. मी म्हणाले की कपाट नव्हतं, मी मारलं होतं तुला, आणि खोटं बोलायलाही मीच शिकवलं. तुझी काहीही चूक नव्हती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांना सांगशील?"

मी लगेच हो म्हटलं नाही. लाज वाटते, पण झालं तसंच. माझ्या डोळ्यांसमोर तिच्या खोलीतला रिकामा पलंग आला, मी एकटीने चालवलेली गाडी आली. तिला समजावून सांगावं, घरी गेल्यावर सावकाश सांगू, फोनवर बरं नाही, असं सगळं जिभेच्या टोकावर होतं. ती बोटांच्या फटींतली साखर नखाने काढत होती.

संध्याकाळचे सहा वाजले होते, तिकडे सकाळ. मी फोन लावला आणि आवाज मोठा करून दोघींच्या मध्ये ठेवला. नवऱ्याने उचलला, कप ठेवल्याचा आवाज आला, त्याने विचारलं की जालन्याला थंडी आहे का. मी सांगितलं. थांबून थांबून नाही, एका दमात. तीन चापट्या, अंगठी, कपाट, तीनदा म्हणवून घेतलेलं वाक्य, आणि आज अण्णा. मग त्याने विचारलं, ती कुठे आहे. मी म्हटलं, इथेच आहे. तो म्हणाला, तिला दे.

तिने फोन उचलला, आवाज कमी केला आणि दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसली. मला तिची पाठ दिसत होती. बोलणं ऐकू येत नव्हतं. मध्येच तिचे खांदे हलायला लागले, ती रडत होती, त्या दिवशी गालावर रक्त आलं तेव्हा रडली नव्हती ते. मी उठले आणि परत बसले. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. भावजयीने मध्ये येऊन दिवा लावला आणि माझ्याजवळ चहाचा कप ठेवला.

वीसेक मिनिटांनी मुलगी आत आली. डोळे सुजलेले, नाक लाल. फोन तिने माझ्या हातात दिला नाही, चटईवर ठेवला, आणि दोन हात अंतरावर उभी राहिली. पण बघत सरळ माझ्याकडे होती, आणि आवाजात तो सहा महिन्यांचा गुळगुळीतपणा नव्हता.

"बाबा तिकीट काढतायत," ती म्हणाली. "ते येईपर्यंत तू मला हात लावायचा नाही. वेणी मामी घालेल."

मी बरं म्हटलं.